शाळा सोडल्याचे कारण

10 जुलै 2024, बुधवार. सकाळचे सव्वासात वाजत आले होते. चहा उकळत होता. मांडणीवरच्या ताटल्या आधी किणकिणल्या, मग सगळी मांडणीच खडखडली, आणि काय होतंय हे नीट कळायच्या आत मी अंगणात उभा होतो. पायात चप्पल नाही, हातात सांडशी तशीच. शेजारचे मागाहून बाहेर आले. दोन मिनिटं सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "गेला, गेला," आणि लोक आपापल्या घरात गेले. मी बराच वेळ आत गेलो नाही. गेलो तेव्हा चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

हिंगोली जिल्ह्यातल्या या धक्क्याची नोंद 4.5 अशी झाली. नांदेड-परभणीपर्यंत जमीन हलली. त्याच वर्षी 21 मार्चला सकाळी सकाळीच असा एक धक्का येऊन गेला होता. इथल्या लोकांना तो अर्ध्या दिवसाच्या गप्पांचा विषय. मी मात्र लातूरकडच्या किल्लारीच्या बाजूचा, 1993 च्या भूकंपातून वाचलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नोकरी लागली म्हणून इकडं आलो, त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. पण जमीन हलली की माझं वय अजूनही अकरा होतं.

दहा वाजता पोरं शाळेत आली ती ओरडतच. "सर, आमची भांडी पडली!" "सर, बकरी आधीच वरडाय लागली होती!" तिसरीतल्या एकानं हळूच विचारलं, "सर, मग आता शाळा बंद राहती का?" त्याच्या डोळ्यांत सुट्टीची आशा होती. मी "नाही" म्हणालो, आणि जरा जोरातच म्हणालो. पोरगं दचकलं. त्याला काय सांगणार, की एकदा बंद पडलेली शाळा सगळ्यांसाठी पुन्हा उघडत नाही.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. "बापू, आज बाहेर झोप. आणि कपाटाखाली झोपू नकोस." दर धक्क्यानंतर ती हेच सांगते. मग म्हणाली, "दुसरं एक काम हाय. लाडक्या बहिणीचा फॉर्म भरायचाय. शाळा सोडल्याचा दाखला चालतो म्हणालेत. माझा निघतोय का बघ की."

एक रजा टाकून गावाकडं गेलो.

*

आमच्या गावची शाळा आता नव्या गावात आहे, पक्की, गुलाबी रंगाची. लिपिकानं तळातल्या कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. ज्यांनी शाळेत काम केलंय त्यांना त्या रजिस्टराचं वजन माहीत असतं. गावातलं प्रत्येक पोर त्यात एका ओळीत मावलेलं असतं: नाव, जात, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, शेरा. या रजिस्टराची पानं फुगलेली होती. ढिगाऱ्यातून निघालं तेव्हा ते पावसात भिजलेलं होतं, आणि कडांवर चढलेला मातीचा पिवळट पट्टा अजून तसाच आहे.

पानं उलटताना एक पान आलं, त्यावर ओळीनं तांबडी शाई. मयत. मयत. मयत. सगळ्यांपुढं एकच तारीख, 30/9/1993. त्यातल्या अर्ध्या पोरांबरोबर मी सूरपारंब्या खेळलेला. लिपिक तरुण होता, भूकंपानंतर जन्मलेला. तो गप्प राहिला, त्याचे आभार.

आक्काची ओळ त्याच्या पुढच्या पानावर सापडली. इयत्ता आठवी. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याची तारीख जून 1994 मधली. शाळा सोडल्याचे कारण: सतत गैरहजर.

मग मला राहवलं नाही. त्या पानावरची आणि पुढच्या दोन पानांवरची, जिवंत राहिलेल्या पोरांची कारणं वाचत गेलो. स्थलांतर. पालकाच्या विनंतीवरून. सतत गैरहजर. सतत गैरहजर. स्थलांतर. बहुतेक मुलींची नावं. भूकंप हा शब्द त्या रकान्यात कुठंही नव्हता.

*

ती रात्र अनंत चतुर्दशीची होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले. पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं असताना जमीन हलली. तीव्रता सहाच्या थोडी वर. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत ही काही भयंकर संख्या नाही. पण केंद्र उथळ होतं, आणि आमची घरं तशी होती.

कशी, ते सांगायला हवं, कारण आता तशी घरं पोरांना चित्रात दाखवावी लागतात. दोन-अडीच हात जाडीची दगडाची भिंत. बाहेरून दिसायला किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नव्हती. बाहेरच्या बाजूनं एक थर, आतल्या बाजूनं दुसरा, आणि मधे दगडगोटे नि चिखल भरलेला. दोन्ही थरांना एकमेकांशी बांधणारा आरपार लांब दगड कुणी घालत नसे. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर मातीचं माळवद. दर उन्हाळ्यात, पाऊस गळू नये म्हणून, अण्णा माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचे. आम्ही पोरं टोपल्यांनी माती वर द्यायचो. मोठ्या आनंदाचं काम होतं ते. आजोबांनी चढवलेला थर, अण्णांनी चढवलेला थर, त्यात आमच्या टोपल्या. त्या रात्री बऱ्याच घरांत लाकडी खांब तसेच उभे राहिले आणि भिंतींचे दोन्ही थर दोन बाजूंना कोसळले. जे भिंतीलगत झोपले होते ते गेले. माय भिंतीकडंच झोपायची, म्हणजे पोरांना मधे ऊब राहावी.

सरकारी आकडा जवळपास 8,000 माणसांचा आहे.

आदल्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात, किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. लोक कितीतरी रात्री रानात, अंगणात झोपले. आम्हीही झोपलो. मग धक्के कमी झाले, थंडी वाढली, लोक एकेक करून आत गेले. भूकंपाच्या सरकारी नकाशात आमचा भाग तेव्हा पहिल्या विभागात, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या विभागात होता. 2002 साली नकाशा बदलला. पहिला विभागच काढून टाकला आणि आम्हाला तिसऱ्यात घातलं. जमीन तीच होती.

आमच्या शाळेच्या खोल्याही बहुतेक पडल्या होत्या. पहाटे चारच्या ऐवजी दुपारी बारा असते तर? हा विचार मी मास्तर झाल्यापासून दर आठवड्याला करतो. गुजरातेत 26 जानेवारी 2001 ला सकाळी पावणेनऊला भूकंप झाला तेव्हा अंजारच्या अरुंद गल्लीतून शाळेच्या पोरांची प्रजासत्ताक दिनाची फेरी चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती त्यांच्यावर आल्या. 185 मुलं आणि 20 शिक्षक. ऑक्टोबर 2005 मध्ये पाकव्याप्त काश्मीरात शाळा भरलेल्या असताना जमीन हलली आणि हजारो मुलं वर्गातच गेली. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 ला हजारो शाळा मोडल्या, पण तो शनिवार होता, तिथल्या सुट्टीचा वार. पोरांचा जीव घड्याळावर नि कॅलेंडरवर सोडायचा ही काय व्यवस्था झाली?

*

आता आक्काकडं येतो.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांची वस्ती उभी राहिली. दिवसा तापायची, रात्री गार पडायची. शाळेसाठीही एक लांब शेड मिळालं. दिवाळी उलटल्यावर कधीतरी शाळा सुरू झाली. फळा नव्हता, पत्र्यावरच खडूनं लिहायचे. मी जायला लागलो. मला कुणी "जा" म्हणालं नव्हतं, मी मुलगा होतो, म्हणून गेलो एवढंच.

आक्का गेली नाही. ती शाळा सोडणार असं कुणी ठरवलं नव्हतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरात एकही दिवस असा आला नाही की अण्णा म्हणाले, पोरी, तुझी शाळा बंद. अण्णांचा पाय मोडला होता. धाकटा अडीच वर्षांचा. पहिल्या आठवड्यात टँकरची रांग होती. पुढच्या आठवड्यात पंचनाम्याचे साहेब येणार होते, शेडात कुणीतरी हवं होतं. मग धाकट्याला ताप. मग मदतीचं धान्य. शाळेच्या शेडाला मुलींसाठी आडोसा नव्हता, आणि आठवीतल्या पोरीला तो किती लागतो हे मला समजायला माझी स्वतःची लेक मोठी व्हावी लागली. पुस्तकं आली तेव्हा आठवीची शेवटी आली. एकदा आक्कानं विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "यंदाच्यापुरतं राहू दे. पुढल्या साली बघू."

यंदाच्यापुरतं. एवढाच शब्द. अण्णा वाईट माणूस नव्हते. बायको गेलेला, पाय मोडलेला माणूस. तो खरंच यंदाच्यापुरतंच म्हणत होता.

त्या दिवसांत काही लोकांनी शाळेची बाजू ओळखली होती. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त गावांतली सुमारे 1,200 मुलं शिकायला पुण्याला नेली. सुट्टीत परतलेली अशी पोरं मी पाहिलीत, इस्त्रीचा शर्ट घातलेली, इंग्रजीतून तारीख सांगणारी. त्यांतली कितीतरी पुढं उभी राहिली, आणि त्याबद्दल माझ्या मनात कायम कृतज्ञता आहे. पण आक्का जाऊ शकत नव्हती. ती गेली असती तर भाकरी कुणी केली असती? आमच्यासारख्या 52 गावांना नव्या जागी घरं मिळाली, जमिनीच्या हिशेबानं 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांची, सरळ रस्ते, कोपऱ्यांत लोखंड घातलेलं. घरं चांगली होती, पुढच्या भूकंपात टिकतील अशी. आक्का त्या घरात फार दिवस राहिलीच नाही. अठरा पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न झालं.

दाखला घेऊन तिच्या घरी गेलो तेव्हा तिनं चष्मा लावून तो सावकाश वाचला. "प्रगती चांगली" हे दोनदा वाचलं, जावयाला ऐकू जाईल असं. मग कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून थांबली.

"गैरहजर कशी रे? मी तिथंच होते की. आपलं शेड अन् शाळंचं शेड, मधे फक्त टँकरची जागा. तुमचे पाढे मला चुलीपाशी ऐकू यायचे. मी संगं म्हणायचे. कुणी हाक मारली असती तर ऐकू आलं असतं."

*

हे ऐकून आल्यावर मी शाळेतल्या भूकंप-सरावाकडं नव्यानं बघायला लागलो.

शाळासुरक्षेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं 2016 पासून आहेत. प्रत्येक शाळेत आपत्ती व्यवस्थापन समिती, वर्षातून ठरावीक वेळा सराव, फाईल, फोटो. सूचना सोपी: खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबल धरून ठेवा. आमच्या वर्गात एकच टेबल आहे, ते माझं. पोरं बस्करपट्टीवर बसतात. तेव्हा सूचना आमच्यापुरती बदलावी लागते. दाराजवळच्यांनी मैदानात, बाकीच्यांनी खिडकी आणि कपाट सोडून आतल्या कोपऱ्याला गुडघ्यावर, दप्तर डोक्यावर. लोखंडी कपाट मी गावातल्या वेल्डरकडून भिंतीला पट्टीनं आवळून घेतलं, तीनशे रुपये लागले. व्हरांड्याच्या जाळीला शाळेच्या वेळात कुलूप नाही. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना पहिली गोष्ट शिकवली ती गॅसचं बटण बंद करायची. त्या म्हणाल्या, "सर, धक्का बसल्यावर मी आधी पळीन." मी म्हणालो, बटण तुमच्या वाटेवरच आहे. आता सिलेंडर दाराच्या बाजूला ठेवलाय.

आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडताना मास्तरांनी एक वस्तू उचलायची: हजेरीपट. मैदानात पोरं रांगेनं बसली की नावं पुकारायची. ज्या नावाला "हजर" येत नाही ते पोर आत अडकलंय असं धरायचं आणि शोध सुरू करायचा. सरावाचा सगळा अर्थ या पुकाऱ्यात आहे.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबरात सराव ठेवला. घंटा, दप्तरं डोक्यावर, रांगा. दोन मिनिटं दहा सेकंदांत वर्ग बाहेर. मी हजेरीपट उघडला. पटावर 31. पुकारत गेलो. चौथं नाव: उत्तर नाही. नववं, दहावं: दोघी बहिणी, उत्तर नाही. मैदान शांत होतं, त्यामुळं प्रत्येक न आलेलं उत्तर ऐकू येत होतं. सात नावं. एका पोरानं सांगितलं, "सर, ते ऊसतोडीला गेलेत."

मला माहीत होतंच. दर वर्षी माहीत असतं. दसरा-दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर येतात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. कारखान्यांच्या गव्हाणी थंड झाल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात परत. पोरं बरोबर जातात, कारण मागं ठेवायला कुणी नसतं. आठ-दहा वर्षांची पोर कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, थांबून धाकट्याला सांभाळते, म्हणजे आईला पहाटे फडात जाता येतं. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, ज्या गावी जाल तिथल्या शाळेत ते दाखवून बसा. कायद्यानं 2010 पासून सहा ते चौदाच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे. पण मुकादमाच्या ट्रॅक्टरला वेळ सांगितलेली नसते. कार्ड शाळेत तयार होतं आणि ट्रॅक्टर मध्यरात्री निघतो. घर आणि शाळा शेजारी शेजारी उभे असतात, मधे आरपार दगड नाही. त्या दोघी बहिणींच्या बापाला मी सप्टेंबरात विचारलं होतं. तो म्हणाला होता, "सर, यंदाच्यापुरतं. पोरीचं बाळंतपण झालं, उचल जास्त घेतलीया. पुढल्या साली ठिवतो."

त्या मैदानात, हातात हजेरीपट धरून, माझ्या मनात आलं: हा सराव खरा असता आणि ही सात पोरं या खोलीत अडकली असती, तर अख्खं गाव आलं असतं. जेसीबी आला असता, तहसीलदार आले असते, रात्रभर हातांनी दगड उपसले असते. 1993 ला लोकांनी उपसलेच होते, नखं जाईपर्यंत. आता मी त्या सात नावांपुढं गैरहजेरीची खूण करणार होतो आणि पुढच्या तासाला गणित घेणार होतो. मार्चपर्यंत खुणा साठल्या की एखादं नाव हळूहळू दिसेनासं होतं. मुली आधी.

नेपाळमध्ये भूकंपानंतर पाच आठवड्यांनी, 31 मे 2015 ला, बांबू-ताडपत्रीच्या खोल्यांत शाळा उघडल्या. ते करायलाच हवं होतं. पण शेड उभं राहणं आणि पोर शेडात येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी टँकरच्या जागेपलीकडून पाहिलेलं आहे. कोणत्याही तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात रुग्णवाहिका, पाणी, धान्य, तंबू यांची नावं असतात आणि पुढं जबाबदार अधिकारी. माझं म्हणणं एवढंच की त्यात आणखी एक ओळ हवी: शाळा उघडल्यावर जी पोरं आली नाहीत त्यांच्या शेडात जाऊन हाक कोण मारणार. नावानिशी. आणि ज्या घरी भाकरी आठवीतली पोर करतेय, त्या घरी भाकरी कोण पोचवणार. ती ओळ असती तर आक्काचा रकाना निराळा असता. भूकंप नसतानाही तीच ओळ लागते.

सराव संपला तरी मी पोरांना तसंच मैदानात बसवलं आणि तिथूनच मुकादमाला फोन लावला. तो आधी उडवाउडवी करत होता. मग टोळी कुठल्या कारखान्याच्या हद्दीत उतरलीय ते त्यानं सांगितलं. तालुका कळला, गाव कळायला दोन दिवस गेले. तिथल्या शाळेच्या बाईंचा नंबर ओळखीतल्या एका शिक्षकाकडून मिळाला. त्यांना सात हमी कार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. बाई चांगल्या निघाल्या. म्हणाल्या, कोप्या शाळेपासून दीड किलोमीटरवर आहेत, शनिवारी शाळा सुटल्यावर जाते.

त्या गेल्या. रविवारी रात्री त्यांचा फोन आला. तीन पोरं सोमवारपासून येणार. दोघांचे आईबाप फडात होते, पुन्हा जावं लागेल. दोघी बहिणींची टोळी दोन दिवसांपूर्वी पुढच्या गावाला हलली होती. चुलीचे दगड नि पाचटाचा ढीग तेवढा राहिला होता. कुठल्या गावाला, ते शेजारच्या कोपीवाल्यांना माहीत नव्हतं.

मी त्यांच्या नावापुढं पेन्सिलीनं त्या बाईंचा नंबर लिहून ठेवलाय. मुकादम फोन उचलत नाही. उद्या मधल्या सुट्टीत पुन्हा लावतो.